ट्राटनिकचे चोवीस कप्पे

मुराऊच्या चर्चचा ऑर्गन दुरुस्त झाला म्हणून गावकऱ्यांनी समारंभ ठेवला होता. १९५८ सालचा मे महिना. आम्हा चौघांना ग्राझहून वाजवायला बोलावलं होतं. दोन व्हायोलिनं, एक चेलो, आणि व्हायोलिनहून थोडी मोठी, खालच्या सुरांची व्हायोला माझी. काय वाजवायचं हे ठरवावंच लागलं नाही. कास्पर ट्राटनिक याच गावचा, शंभर वर्षांपूर्वी याच चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. चार वाद्यांसाठी त्यानं आयुष्यात एकच क्वार्टेट लिहिलं. आम्ही ते वाजवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग शाळेच्या हॉलमध्ये जेवण झालं.

मी सुपाची वाटी घेऊन बाकावर बसले होते. एक म्हातारी काठी टेकत गर्दीतून वाट काढत आली ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"व्हायोला तूच वाजवलीस ना गं?"

"हो, मीच."

"मग ते पान कुठं गेलं?"

मला वाटलं, माझं कुठं तरी चुकलं आणि ते तिच्या कानानं पकडलं. मी तसं विचारलं.

"चुकलं नाही, गाळलंत. चौघांनी मिळून गाळलंत. बस पकडायची होती का?"

शेजारचा चेलोवाला हसला. म्हातारी हसली नाही. तिचं नाव त्सेत्सीलिया प्रेटनर. वय ऐंशी. तिचे आजोबा गावात गाड्यांची चाकं बनवायचे आणि रविवारी व्हायोला वाजवायचे. तरुणपणी ते खुद्द ट्राटनिकसोबत वाजवायला बसलेले. पुढे म्हातारपणी ते आणि त्यांचे तीन मित्र घरी जमून हेच क्वार्टेट वाजवत, आणि आजोबांची पानं उलटायचं काम या नातीकडे असे.

"आजोबांची नजर कमी झाली होती," ती म्हणाली. "कुठल्या सुराला पान उलटायचं ते मला पाठ होतं. उशीर झाला की टपली मिळायची. तुमच्या वाजवण्यात एक टपली कमी झाली, पोरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी जाऊन मी आजोबांची वही पाहिली. फक्त व्हायोलाची. बाकी तीन वाद्यांच्या वह्यांचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पहिलं व्हायोलिन डॉक्टरांकडे होतं, त्यांचं घर जळालं. चेलो मास्तरांकडे, ते त्रिएस्तला गेले. चौथ्याचं मला आठवत नाही, तो दारू प्यायचा." वही तिनं मला पावती लिहून घेऊन दिली.

त्या वहीत एक पान जास्त होतं. छापील प्रतीत जिथं एक जागा सलग पुढे जाते, तिथं वहीत चोवीस कप्पे जास्तीचे होते. कप्पा म्हणजे स्वरलिपीतल्या दोन उभ्या रेघांमधली जागा. मी ते मोजले, पुन्हा मोजले, वही व्हायोलाच्या पेटीत ठेवली आणि तीन आठवडे त्याबद्दल कुणाशी बोलले नाही.

न बोलण्याचं कारण प्रोफेसर ओटोकार वीसबोक.

वीसबोक आमच्या संगीतशाळेत रचनेचं विश्लेषण शिकवत. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते, मग सात वर्षं त्यांची सहायक. त्यांचं नाव झालं ते एका पातळ पुस्तकामुळे, आणि ते पुस्तक ट्राटनिकच्या क्वार्टेटच्या पहिल्या भागावर होतं. अशा रचनेचा पहिला भाग कसा बांधतात हे आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. आधी दोन चाली मांडायच्या. मग त्यांची मोडतोड करायची, परक्या पट्ट्यांमधून त्यांना हिंडवून आणायचं. शेवटी दोघींना घरी आणायचं, आधी पहिली, मग दुसरी. ट्राटनिकनं मांडणी नीट केली, मोडतोडही नीट केली, आणि घरी आणली ती एकटी दुसरी चाल. पहिली येतच नाही.

ही पहिली चाल सुरुवातीला व्हायोला वाजवते. चार सूर पायरी पायरीनं खाली उतरतात, मग थबकतात. तिच्याखाली चेलोची साथ असते, तीन सूर आणि एक विसावा, तीन सूर आणि एक विसावा. क्वार्टेट लिहिलं त्या हिवाळ्यात ट्राटनिकची बायको आग्नेस वारली होती. ती चर्चमध्ये खालच्या पट्टीत गायची, व्हायोलाच्या आवाजाच्या जवळपास. वीसबोकनी पुस्तकात दाखवलं होतं की मधल्या मोडतोडीच्या भागात पहिली चाल हळूहळू कशी लहान होत जाते, आधी चार सूर, मग तीन, मग दोन. म्हणजे संगीतकार तिच्या न येण्याची तयारी आधीपासून करत होता. नियम पाळला असता तर ती परत आली असती. त्यानं नियम मोडला कारण ती परत येणार नव्हती.

दर वर्षी ऑक्टोबरमध्ये ते नव्या मुलांसमोर हे पियानोवर वाजवून दाखवत. त्या जागेशी आले की हात उचलून पट्ट्यांवर तसाच धरून ठेवत आणि विचारत, "कोण आलं नाही?" कुणी तरी उत्तर देई. एक-दोघांचे डोळे भरून येत. मी एकवीस वर्षांची असताना माझे आले होते. माझा पदवीचा प्रबंध त्यांच्या याच विचारावर उभा होता, आणि त्या सप्टेंबरात माझी नेमणूक कायम व्हायची होती. वही पेटीत तीन आठवडे राहिली ती यामुळे. दुसरं काही उदात्त कारण नव्हतं.

जूनमध्ये एका दुपारी मी ती त्यांच्या टेबलावर ठेवली. प्रेटनरबाईंचं म्हणणं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला, वही उघडली आणि ते पान वाचलं. वाचताना त्यांचा उजवा पाय तीन ठोके देऊन थांबत होता.

"ही तुमच्याकडे कधीपासून आहे, कोफ्लरबाई?"

"तीन आठवडे."

"हं." वही मिटून म्हणाले, "मी असतो तर चार ठेवली असती."

मग त्यांनी आठ दिवस मागून घेतले.

त्या आठ दिवसांत मी त्यांना कामाला बसलेलं पाहिलं, आणि आजही कुणी मला विश्लेषण म्हणजे काय असं विचारलं तर मला तेच दिवस आठवतात. ते आपल्याच पुस्तकाच्या विरुद्ध पुरावा गोळा करत होते आणि त्यांच्या हातात घाई नव्हती की चालढकल नव्हती. पान मागाहून चिकटवलेलं नाही, कारण पाठीमागच्या बाजूवर पुढचा मजकूर त्याच हातानं, त्याच शाईनं सुरू आहे. पट्टी मूळचीच आहे, घरी परतल्याची. आणि त्या चोवीस कप्प्यांत व्हायोलाकडे चाल नाहीच. व्हायोलाकडे साथ आहे, तीन सूर आणि एक विसावा. सुरुवातीला चेलो जी साथ करत होता, त्याच घाटाची.

"म्हणजे चाल दुसऱ्या कुणाकडे तरी होती," ते म्हणाले. "साथ आहे म्हटल्यावर गाणारा असलाच पाहिजे. पहिली चाल परत आली होती. फक्त तिनं वाद्य बदललं होतं."

"कुठल्या वाद्याकडे गेली असेल?"

"ते या वहीवरून कळणार नाही. आणि आता दुसरी कुठली वही नाही."

मग त्यांनी कपाटातून एक जुनी टिपणवही काढली. छापील प्रत जिच्यावरून निघाली ती ट्राटनिकची मूळ हस्तलिखित प्रत पाहायला ते १९३० साली एका संग्रहालयात गेले होते. पुढे युद्धात ती प्रत जळाली, तेव्हा ती बारकाईनं पाहिलेले बहुधा तेच शेवटचे. त्यांनी आपल्या टिपणावर बोट ठेवलं आणि मला वाचायला लावलं. मूळ प्रतीत दर पानाच्या एका बाजूला बारा कप्पे, दोन्ही बाजू मिळून चोवीस. त्याच्या खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'चौदाव्या पानानंतर शिवण सैल.' चौदावं पान संपतं ती नेमकी हीच जागा.

"हे पुस्तकात नाही," मी म्हणाले.

"नाही."

"तुमच्या लक्षात आलं नव्हतं?"

"लिहून ठेवलंय म्हणजे आलंच होतं की. पुस्तक लिहिलं तेव्हा मी पस्तीस वर्षांचा होतो, बाई. माझ्याकडे एक फार सुंदर कल्पना होती आणि एक सैल दोरा होता. मी कल्पना छापली."

त्यांनी हे अगदी रोजच्या आवाजात सांगितलं. मग खिडकी लावली, कारण खाली ट्राम वळताना फार किंचाळायची.

त्यानंतर मला रूडिगरबद्दल कळलं. हान्स-गेओर्ग रूडिगर हे शाळेतले त्यांचे वरिष्ठ. १९३२ मध्ये वीसबोकनी आपला सिद्धांत भरसभेत मांडला तेव्हा रूडिगर उठून म्हणाले, "कशाला एवढं शोकनाट्य? एखादं पान हरवलं असेल." त्यावर वीसबोक म्हणाले होते, "प्रोफेसर रूडिगरना जे पान कळत नाही, ते त्यांच्या मते हरवलेलं असतं." सभागृह हसलं. हसणं तिथं संपलं नाही. पोरं रूडिगरांच्या टेबलावर रोज एक कोरा कागद ठेवू लागली. ते वर्गात आले की मागून कुणी तरी विचारी, "सर, पान सापडलं का?" दोन वर्षांत त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. वीसबोकनी पोरांना कधी अडवलं नाही.

"ते आहेत अजून?" मी विचारलं.

"लाइब्निट्झला. सिस्टरांच्या वृद्धाश्रमात. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे." मग म्हणाले, "तुम्ही याल का? व्हायोला घेऊन?"

आम्ही शनिवारी सकाळच्या गाडीनं गेलो. वीसबोकनी काळा कोट घातला होता आणि जर्दाळूच्या मुरंब्याची एक बाटली बरोबर घेतली होती. रूडिगर बागेत खुर्चीवर बसले होते, गुडघ्यांवर शाल, समोर सॅलडची अर्धी संपलेली ताटली. भोपळ्याच्या बियांचं तेल त्यांच्या हनुवटीवर लागलं होतं आणि ते पुसायला आलेल्या सिस्टरला ते हातानं झटकत होते.

"कोण? वीसबोक? काय, मेलो का बघायला आलात?"

"नाही. सांगायला आलोय. तुमचं बरोबर होतं. पान हरवलेलंच होतं."

रूडिगरनी ताटली बाजूला सारली. "बसा," म्हणाले. "कसं कळलं ते सांगा. क्रमानं सांगा, मध्ये भावना घालू नका. तुमची ती खोड आहे."

वीसबोकनी क्रमानं सांगितलं. वही, शाई, पट्टी, साथ, चोवीसचा हिशोब. शेवटी सैल शिवणही सांगितली.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," रूडिगर म्हणाले.

"संशय घ्यायला पुरेसं माहीत होतं."

"आणि मला काहीच माहीत नव्हतं. ते हस्तलिखित मी पाहिलंसुद्धा नव्हतं. तुम्ही पस्तीस वर्षांचे, लोक टाळ्या वाजवतायत, मला तुम्हाला खाली ओढायचं होतं, म्हणून तोंडाला आलं ते बोललो. बरोबर निघालं हा योगायोग." त्यांनी हनुवटी शालीनं पुसली. "खरं सांगू का? तुमचं बोलणं संपेपर्यंत मला ते पटत आलं होतं. म्हणून तर जास्त राग आला."

"तरी त्या कोऱ्या कागदांबद्दल…" वीसबोक म्हणाले.

"ते वाईट होतं," रूडिगर म्हणाले. "ते फार वाईट होतं. माझ्या बायकोनं ते सगळे कागद जपून ठेवले, किराण्याच्या याद्या लिहायला. ती मरेपर्यंत पुरले."

वीसबोक मान खाली घालून बसले. त्यांनी माफी मागितली की नाही, मागितली तर कोणत्या शब्दांत, ते मला ऐकू आलं नाही, कारण त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि म्हाताऱ्याच्या कानाशी वाकून काही तरी म्हटलं. रूडिगरनी दोनदा मान हलवली. मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "ही बाई ते खोकं कशाला घेऊन आलीय? वाजवा की."

मी व्हायोला काढली आणि चोवीस कप्पे वाजवले. नुसती साथ. तीन सूर, विसावा. ऐकायला अगदी रुक्ष. शेजारच्या बाकावरचे दोन आजोबा उठून निघून गेले.

"पुन्हा," रूडिगर म्हणाले. "आणि आता मी म्हणतो."

ते डोळे मिटून पहिली चाल गुणगुणू लागले. आवाज चिरका, सूर निम्मे जागेवर, निम्मे आसपास. तरी चाल ओळखू येत होती. पहिले आठ कप्पे ती माझ्या साथीवर नेमकी बसली. पुढचे आठही बसले. सतराव्या कप्प्याला आमचं जोरात खटकलं. मला वाटलं ते घसरले.

"थांबा," वीसबोक उभे राहिले. "पुन्हा सोळापासून."

पुन्हा खटकलं. मी वहीत पाहिलं, मी लिहिलं होतं तेच वाजवत होते. वीसबोकनी माझ्या हातातून वही घेतली आणि उभ्या उभ्या वाचली.

"साथ इथं वळतेय," ते म्हणाले. "सुरुवातीला चेलो इथं सरळ जातो. इथं व्हायोला वरच्या सुरावर जाते. जुनी चाल यावर बसूच शकत नाही."

"म्हणजे चाल बदलली होती," रूडिगर म्हणाले.

"परत आली, पण तशीच आली नाही."

"वर गेली असेल. चार सूर खाली उतरायचे ते इथं चढले असतील."

"नाही नाही, चढले असते तर अठराव्याला अडकले असते. बघा ना, इथं."

"मला दिसत नाही, वाचून दाखवा! आणि मुरंबा उघडा, बाई, नुसत्या काय उभ्या राहिलात?"

ते दोघं तिथं पावणेदोन तास भांडले. मी सतरावा कप्पा किती वेळा वाजवला ते मोजलं नाही. सिस्टर दोनदा न्यायला आली आणि दोनदा परत गेली. निघताना रूडिगरनी वीसबोकचा हात धरला नाही, काही हळवं बोलले नाहीत. "अठरावा माझ्यावर सोपवा," एवढंच म्हणाले.

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगते. वीसबोकनी त्या उन्हाळ्यात पुस्तक नव्यानं लिहिलं. पहिल्याच पानावर सैल शिवण घातली, स्वतःच्या टिपणाच्या तारखेसकट. प्रकाशकानं कळवलं की जुनी आवृत्ती अजून खपते आहे, तिला हात लावू नये. वीसबोकनी ती बाजारातून काढून घ्यायला लावली. व्हिएन्नाच्या एका वर्तमानपत्रानं लिहिलं की एका शोधानं एक सुंदर विचार मारला. काहींनी त्यांना पत्रं लिहून कळवलं की तो विचार त्यांना कठीण काळात आधार होता, तो आता कुठं ठेवायचा. या पत्रांना ते उत्तर देत, छोटंसं, आणि मला टाइप करायला देत नसत.

माझी नेमणूक सप्टेंबरात कायम झाली. माझ्या प्रबंधाबद्दल त्यांनी एवढंच म्हटलं की तो आता इतिहासाच्या कपाटात ठेवावा, तिथं त्याला शेजार चांगला मिळेल.

ऑक्टोबरात नवा वर्ग आला. त्यांनी पियानोवर त्या जागेपर्यंत वाजवलं, पण हात वर धरला नाही. खाली मांडीवर ठेवला आणि मला खूण केली. मी मागच्या बाजूनं चोवीस कप्पे साथ वाजवली. मग त्यांनी मुलांना सगळी हकीकत सांगितली. रूडिगरला काय म्हटलं होतं तेही, शब्दशः. एक मुलगी म्हणाली, "पण सर, तुमची आधीची मांडणी जास्त सुंदर नव्हती का?"

"होती," ते म्हणाले. "पण ती मी रचलेली होती. इथं आपण ट्राटनिकनं काय रचलं ते पाहायला बसलोय. आता कागद घ्या, आणि सतराव्यापासून ती चाल कशी गेली असेल ते लिहून द्या."

बावीस मुलांनी बावीस उत्तरं दिली. त्यांतली एकोणीस चुकीची होती, हे सिद्ध करता आलं. उरलेल्या तिन्हींबद्दल काही सांगता येत नव्हतं.

रूडिगरांची पोस्टकार्डं हिवाळाभर येत राहिली. हाताला कंप होता, रेघा वाकड्या, सूर कधी रेघेवर तर कधी दोन रेघांच्या मध्ये लटकलेले. पहिलं कार्ड वीसबोकनी एका वाक्यात मोडीत काढलं आणि तसं उलट कळवलं. दुसऱ्यावर त्यांना पूर्ण दिवस लागला. जानेवारीच्या शेवटी तिसरं आलं. ते टेबलावर ठेवून त्यांनी मला व्हायोला आणायला सांगितलं, स्वतः पियानोवर बसले आणि रूडिगरांची चाल माझ्या साथीवर वाजवली. चाल सतराव्या कप्प्यात वर गेली, अठराव्यात अडकेलसं वाटलं, आणि मग अगदी साध्या वाटेनं दुसऱ्या चालीच्या दारात येऊन उभी राहिली. आम्ही ती चार वेळा वाजवली.

"ट्राटनिकची हीच होती का?" मी विचारलं.

"कोण जाणे. पण ही चुकीची आहे असं मला दाखवता येत नाही. मुलांच्या त्या तीन उत्तरांनंतर मी दुसऱ्या कशाबद्दल असं म्हटलेलं नाही."

तसं पत्र त्यांनी त्याच दिवशी टाकलं. ते पोचलं. सिस्टरनी वाचून दाखवलं आणि रूडिगर म्हणाले, "मग?" फेब्रुवारीत ते वारले.

पुस्तकाची नवी आवृत्ती मेमध्ये निघाली. चोवीस कप्प्यांच्या जागी व्हायोलाची साथ छापली आहे आणि बाकी तीन वाद्यांच्या ओळी मोकळ्या आहेत. खाली बारीक अक्षरात शक्यता म्हणून एक चाल दिली आहे, रूडिगरांच्या नावानं. प्रेटनरबाईंची वही मी मुराऊला जाऊन परत केली. तिनं माझी पावती काढली, फाडली, आणि मग पान न पान मोजून घेतलं.